मठाचं सामान

येल्शावका गावच्या मठाला त्या उन्हाळ्यात सातशे वर्षं पूर्ण होणार होती, आणि सरपंच दुशान ह्रिव्नाकला त्या निमित्तानं गावात गर्दी हवी होती. मठात आता मठवासी नव्हते. साठेक वर्षांपूर्वी कम्युनिस्ट सरकारनं त्यांना ट्रकमध्ये घालून नेलं, त्यानंतर तिथे सैनिक राहिले, मग सहकारी शेतीचं खत राहिलं, मग कबुतरं. पण नुकतीच युरोपच्या निधीतून समोरची भिंत तेवढी रंगवून झाली होती, आणि एवढी छान रंगवलेली भिंत नुसती उभी राहणं सरपंचाला बघवत नव्हतं.

तो ओतिलिया सेमानोवाकडे गेला. ओतिलिया शाळेत गणित शिकवायची आणि जिल्ह्याच्या साप्ताहिकात शब्दकोडी लिहायची. पन्नाशीला आलेली, सडसडीत, बोलायला फटकळ बाई. लग्न केलं नव्हतं. म्हाताऱ्या आईबरोबर, आजोबांनी बांधलेल्या घरात राहायची. तिची कोडी इतकी अवघड असायची की दुकानाच्या रांगेत लोक तिला शिव्या घालायचे, आणि तिला ते आवडायचं.

"बाई, आपण खजिन्याचा शोध करू या," सरपंच म्हणाला. "कोडी तुमची, बिअर माझी. लोक मठाच्या दारातून निघतील, कोडी सोडवत गावभर फिरतील आणि शेवटी खजिना!"

"कसला खजिना?"

"असं काय करता? मठवाशांनी पुरलेला सोन्याचा क्रूस! शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे. आमच्या वडिलांनी त्याच्यापायी जन्मभर परसू खणलं. क्रूस नाही मिळाला, पण बटाटे काय झकास यायचे!"

ओतिलियाला हसू आलं आणि तिनं काम घेतलं. पण नुसत्या सोन्याच्या गप्पांवर चांगली कोडी होत नाहीत. त्यांना खरं काहीतरी लागतं. तिनं इकडे तिकडे विचारलं. शेजारच्या गावच्या पाद्र्यानं सांगितलं की त्या मठातला एक जण अजून जिवंत आहे. पकडून नेलं तेव्हा सतराचा होता, दीक्षासुद्धा पुरी झाली नव्हती. आता कोशित्से शहरातल्या वृद्धाश्रमात असतो. ब्रदर गोराज्द.

पुढच्या शनिवारी ती बसनं कोशित्सेला गेली.

गोराज्द बुटका होता, कान मोठे, आणि दोन्ही हातांवर भाजल्याच्या जुन्या खुणा. मठ गेल्यावर त्याला आधी सक्तीच्या मजुरीला धाडलं होतं आणि नंतर उभा जन्म त्यानं एका इस्पितळाच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकला होता. पुन्हा त्याला कुणी ब्रदर केलं नाही, पण लोक ब्रदर म्हणायचे आणि तो ओ द्यायचा. खोलीत दुसऱ्या खाटेवर एक म्हातारा रेडिओ कानाला लावून पडला होता.

"सोनं?" गोराज्द इतका हसला की त्याला ठसका लागला. "अगं मुली, अर्धं वर्ष आम्ही वाल आणि आंबवलेला कोबी खायचो. सोनं असतं तर ब्रदर अपोलिनारनं आधी छप्पर गळायचं थांबवलं असतं."

"मग खजिना म्हणावा असं काहीच नव्हतं?"

त्यानं डोळे मिटले आणि दारापासून आत चालत निघाल्यासारखा सांगायला लागला. जेवणाची घंटा: ती वाजली की जिथे असशील तिथे गप्प व्हायचं. ओकच्या लाकडाचं लांबलचक टेबल. प्रार्थनेला जाण्याआधी हात धुवायचं दगडी कुंड. चर्चमध्ये मठवासी आणि गावकरी यांच्यामधली लोखंडी जाळी, तिच्यावर द्राक्षांचे वेल. आणि सगळ्यात शेवटी औषधांची खोली. तिथे म्हातारा अपोलिनार बसायचा, आणि गोराज्द त्याच्या हाताखाली मुळ्या कुटायचा.

"पेअरच्या लाकडाचं कपाट होतं," तो म्हणाला. "नुसते खणच खण. प्रत्येक खणावर निळ्या रंगात लॅटिन नाव. एका खणाची मूठ मी तोडली होती. म्हटलं, आता मार बसणार. अपोलिनारनं शिंप्याकडून दोऱ्याचं रिकामं रीळ आणलं आणि तिथे ठोकलं. म्हणाला, 'हे बघून तुला रोज लाज वाटेल, तेवढी शिक्षा पुरे.'" त्यानं डोळे उघडले. "तुरुंगातच वारला अपोलिनार. दुसऱ्याच हिवाळ्यात. त्याला पुरलं कुठे ते कुणी सांगितलं नाही."

ओतिलियाच्या हातातलं पेन थांबलं होतं.

"त्या कपाटाचं काय झालं, कळलं का ग काही?" त्यानं विचारलं. "सैनिकांनी जाळलंच असेल म्हणा."

"मला नाही माहीत," ओतिलिया म्हणाली.

तिला माहीत होतं. दोऱ्याच्या रिळाची मूठ असलेल्या खणातून ती लहानपणापासून शहाजिरं काढत आली होती.

घरी पोचली तेव्हा तिची आई योहाना स्वयंपाकघरात बटाटे किसत होती. ओतिलिया कोट न काढता कपाटासमोर जाऊन उभी राहिली. लहानपणी तिला वाटायचं, खणांवरचे ते निळे ठिपके म्हणजे नक्षी. आता तिनं ओला फडका घेऊन एका खणावरचा तेलकट थर पुसला. खालून अक्षरं निघाली.

"आई, हे कपाट आलं कुठून?"

"तुझ्या आजोबांनी आणलं."

"कुठून आणलं?"

योहानानं किसणी खाली ठेवली. "तुला माहीत नव्हतं? मठाच्या चाव्या त्यांच्याकडेच दिल्या होत्या सरकारनं. राखणीला."

"राखणीला ना? मग त्यांनी राखलं का?"

"राखलंच की! हे काय समोर उभं आहे! नाहीतर त्या सैनिकांनी शेकोटी केली असती त्याची. बाकीचे नव्हते का नेत? आम्हीच तेवढे वाईट का?"

"बाकीचे कोण?"

"सगळेच," योहाना म्हणाली आणि परत बटाटे किसायला लागली. "शहाणीच आहेस. अख्खं आयुष्य कोडी घालतेस आणि डोळ्यांसमोरचं दिसत नाही."

हे वाक्य ओतिलियाला चांगलंच झोंबलं. दुसऱ्या दिवशी ती गावातून हिंडली आणि तिला सगळं दिसत गेलं. गुत्त्याचं लांबच लांब ओकचं काउंटर. अग्निशमन दलाच्या छपरावरची घंटा. म्हाताऱ्या वाव्रेकच्या दारातलं दगडी कुंड. त्यात आधी डुकरं खायची, आता जिरेनियमची फुलझाडं लावली होती. आणि सरपंच ह्रिव्नाकचं फाटक, ज्याच्यापुढे गावातली प्रत्येक नवरी लग्नाचा फोटो काढून घ्यायची. लोखंडी, द्राक्षांच्या वेलाचं.

कुणी काही लपवलेलंच नव्हतं. ह्यानं तिला जास्त राग आला. घरी येऊन तिनं टेबलाशी बैठक मारली आणि एका दमात कोडी लिहून काढली. इतकी सोपी कोडी तिनं जन्मात लिहिली नव्हती. तिला ती सोपीच हवी होती.

घंटेचं असं होतं: 'पूर्वी मी वाजले की माणसं गप्प व्हायची, आता मी वाजले की धावत सुटतात.' टेबलाचं असं: 'माझ्याभोवती बसून न बोलता जेवायचे. आता माझ्यावर कोपरं टेकून अख्खं गाव बडबडतं.' आणि जाळीचं: 'देवाच्या घरात मी होते, कुणी मला नेलं? आता मी कुणाच्या कोंबड्या बाहेर जाऊ देत नाही?' शेवटचं कोडं तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघराचं. आपलं घर वगळलं असं कुणी म्हणायला नको होतं. शिवाय खरं सांगायचं तर, आपणही गुन्हेगारांच्या रांगेत मान वर करून उभे आहोत, हे चित्र तिला मनातून आवडलं होतं.

सरपंचानं कागद हातात घेतले, प्रायोजकांची नावं ठळक आहेत ना तेवढं बघितलं आणि छापायला देऊन टाकले.

ओतिलियानं गोराज्दला फोन केला. "ब्रदर, उत्सवाला या. तुम्हाला काहीतरी दाखवायचं आहे."

"काय?"

"आत्ता नाही सांगत. या तुम्ही."

मग तो म्हणाला, "सदरा इस्त्री करायला हवा."

उत्सवाच्या दिवशी सकाळी तिनं आईला सांगितलं की दुपारी घरात लोक येणार. योहाना भांडेल असं तिला वाटलं होतं. योहाना म्हणाली, "आधी सांगायला काय झालं होतं? फरशी पुसायची राहिली आहे," आणि खसखशीचा रोल भाजायला घेतला.

गर्दी झाली. सरपंचाच्या अपेक्षेपेक्षाही जास्त झाली. रंगवलेल्या भिंतीसमोर बँड वाजला, एकेका गटाला एकेका रंगाचे शर्ट मिळाले आणि कोड्यांचे कागद वाटले गेले. ओतिलिया गुत्त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. तिला चेहरे बघायचे होते.

पिवळ्या शर्टांचा गट धावत आला. एकानं कोडं मोठ्यानं वाचलं, दुसऱ्यानं काउंटरवर थाप मारली. "हेच! हेच ते टेबल! मठाचं आहे!" आतल्या गिऱ्हाईकांनी माना वळवल्या. क्षणभर गुत्ता गप्प झाला. आता, तिला वाटलं.

मग गुत्तेवाला म्हणाला, "म्हणजे आमच्याकडे आहे होय खजिना? अरे, भर एकेक सगळ्यांना!" आणि हशा उसळला. पिवळ्या शर्टांनी काउंटरवर कोपरं टेकून फोटो काढले.

वाव्रेकच्या दारातही तेच झालं. म्हाताऱ्यानं खुर्ची बाहेर आणून टाकली होती आणि येईल त्याला कुंड दाखवत होता. "आठ माणसं लागली उचलायला. माझा बाप म्हणायचा, असला दगड आता मिळत नाही. डुकरांना त्यात कधी रोग म्हणून झाला नाही." लोक कुंडाला हात लावून बघत होते. एका बाईनं जिरेनियमचं रोप मागून घेतलं.

सरपंचाचं फाटक तरी, ओतिलियाला वाटलं. तिथे तरी. ती घाईघाईनं गेली. फाटकासमोर ह्रिव्नाक वार्ताहराशी बोलत उभा होता. कोड्यातली ओळ त्याला कुणीतरी नुकतीच वाचून दाखवली होती आणि तो लालबुंद झाला होता, पण आनंदानं.

"वाचवलं! माझ्या वडिलांनी वाचवलं!" तो सांगत होता. "त्या काळात, लिहून घ्या, त्या काळात जिवावर उदार होऊन त्यांनी ही जाळी बैलगाडीवर घातली. अहो बाई! या, या! काय डोकं चालवलंत! सोन्याच्या क्रुसापेक्षा हे शंभरपट चांगलं! आणि कोंबड्यांचं तर झकासच!"

"मी चोरीबद्दल लिहिलं आहे, दुशान," ओतिलिया म्हणाली.

"हो ना! म्हणून तर मजा येते आहे!" त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "फक्त एक आहे. लोक तक्रार करताहेत. आमचं घर का नाही घेतलं म्हणून. खालच्या आळीत तीन घरांत मेणबत्त्यांचे खांब आहेत. पोस्टातल्या मार्गितानं चर्चच्या ऑर्गनच्या नळ्यांवर टोमॅटो चढवले आहेत. ती तर रडकुंडीला आली आहे."

ओतिलिया बसथांब्याकडे वळली; गोराज्दची बस यायची वेळ झाली होती.

गोराज्द पांढरा इस्त्रीचा सदरा घालून उतरला. तिनं त्याला हात धरून घरी नेलं. वाटेत तो शर्टवाल्या गटांकडे बघत होता. "कसली शर्यत आहे?" त्यानं विचारलं. "खेळ आहे," ती म्हणाली.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तो थांबला. कपाट त्यानं लगेच ओळखलं. टोपी काढून त्यानं ती हातात धरली. मग जवळ जाऊन रिळाच्या मुठीवर बोट टेकवलं. दुसरा खण ओढला, हुंगला. पाप्रिकाच्या तिखटाचा वास आला.

"साल्विया," त्यानं खणावरचं वाचलं. "ह्यात साल्वियाची वाळलेली पानं असायची."

"त्यात आता लवंगाही असतात," योहाना म्हणाली. तिनं हात ॲप्रनला पुसले. "बसा ना. मी त्या चाव्यावाल्याची मुलगी. तुमच्या त्या म्हाताऱ्या ब्रदरनं मला लहानपणी खोकल्याचं औषध दिलं होतं. कडू जहर."

"थाइम आणि मध," गोराज्द म्हणाला. "कडू नसायचं ते."

"मला तर कडूच लागलं."

तो खुर्चीवर बसला. त्याचे भाजलेले हात मांडीवर स्वस्थ पडले होते आणि तो कपाटाकडे असा बघत होता, की ओतिलियाला नजर फिरवावी लागली. काही बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि पिवळे शर्ट आत घुसले.

"इथेच! कपाट! जिंकलो!"

त्यांच्या मागोमाग फोटोग्राफर आणि सरपंच आले. फरशीवर चिखलाच्या बुटांचे ठसे उमटले. कुणी खण ओढले, कुणी मिरीचे दाणे सांडले. एका पोरीनं गोराज्दकडे बघून विचारलं, "आजोबा पण खेळात आहेत का?"

"हे मठातले आहेत," ओतिलिया म्हणाली. "ह्यांना इथून पकडून नेलं होतं."

मग ह्रिव्नाकनं टाळी वाजवली. "खरे मठवासी! बाई, हे तुम्ही आमच्यापासून लपवून ठेवलंत? ब्रदर, मध्ये या. हा फलक धरा जरा, विजेत्यांचा. पुढच्या वर्षी झगा घालून या हं, आम्ही शिवून देऊ!"

"आजोबा, थोडं हसा," फोटोग्राफर म्हणाला.

गोराज्दनं फलक धरला. हसला मात्र नाही. फोटो निघाला, योहानानं सगळ्यांना रोल वाटला आणि गर्दी जशी आली तशी बँडच्या दिशेनं निघून गेली. योहाना खराटा घेऊन अंगणात गेली.

"मला वाटलं होतं," गोराज्द म्हणाला, "तू मला परत द्यायला बोलावलं आहेस."

ओतिलिया गोंधळली. इतक्या आठवड्यांत हा विचार तिच्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

"म्हणजे कपाट नव्हे," तो सावकाश म्हणाला. "कपाट घेऊन काय करू? माझ्याकडे अर्धी खोली आहे. पण कुणीतरी म्हणेल, हे तुमचं आहे. एवढं म्हणेल, असं वाटलं होतं. म्हणून सदरा घातला."

"त्यांना लाज वाटावी म्हणून मी हे केलं, ब्रदर. सगळ्या गावाला."

"त्यांच्यासाठी केलंस ना? मग मी कशाला हवा होतो?"

कोड्यात जसा शेवटचा तुकडा बसवतात तसं तिनं त्याला आणून बसवलं होतं, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि हेही कळलं, की त्याला ते तिच्याआधी कळलं होतं.

"हे तुमचं आहे," ती घाईनं म्हणाली. "मी टेम्पो सांगते. कुठे म्हणाल तिथे पोचवते."

"आता नको." तो उठला. "त्या दिवशी मी विचारलं तेव्हा तू माहीत नाही म्हणालीस. तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

त्यानं टोपी घातली. बसथांब्यापर्यंत ती बरोबर गेली. योहानानं बांधून दिलेला रोल त्यानं हातात घेतला नाही. "मला साखर चालत नाही," म्हणाला. चौकात बँड पोल्का वाजवत होता आणि बस त्या गर्दीतून हॉर्न वाजवत निघून गेली.

त्यानंतर ओतिलियानं जमेल ते केलं. बिशपच्या कचेरीत विचारलं. तिथून निरोप आला की भावना पोचल्या, परंतु जागा नाही. एका संग्रहालयातली बाई येऊन कपाट बघून गेली आणि म्हणाली, किडलं आहे, आमच्याकडे आणलं तर बाकीच्या लाकडालाही लागेल. सरपंचानं मात्र झटपट काम केलं. महिन्याभरात गुत्त्यावर, कुंडावर, फाटकावर पितळी पाट्या लागल्या: अमुक कुटुंबानं वाचवलेला मठाचा ठेवा. ओतिलियाच्या घरासाठीही एक आली. ओतिलियानं ती घेतली नाही, तर त्यानं योहानाच्या हातात दिली. योहानानं ती दोन दिवस पुसत बसून मग स्वतःच दारावर ठोकली. त्यावरून मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं.

"माझ्या बापाचं नाव आहे त्यावर," योहाना म्हणाली. "तुला तो चोर वाटतो. मला त्यानं उपाशी ठेवलं नाही."

पाटी दारावर राहिली.

नाताळाच्या आधी, पहिला बर्फ पडल्यावर, ओतिलिया मधाचे केक घेऊन कोशित्सेला गेली. साखर चालत नाही हे तिला आठवत होतं, पण रिकाम्या हातानं जाववेना. वृद्धाश्रमातल्या परिचारिकेनं नाव विचारलं आणि ती आत गेली. दार अर्धं उघडंच राहिलं. आतून रेडिओचा आवाज येत होता. मग तो कुणीतरी कमी केला.

"येल्शावकाची बाई आली आहे, ब्रदर. ओतिलिया नाव सांगते."

खाट करकरली.

"झोपलो आहे म्हणून सांग," गोराज्दचा आवाज आला. शांत, जागा, नेहमीसारखा.

परिचारिका बाहेर आली. ओतिलियानं सगळं ऐकलं आहे हे तिला दिसत होतं, तरी तिनं ठरलेलं वाक्य म्हटलं. ओतिलियानं मान हलवली. केकचा डबा तिच्याकडे दिला, म्हणाली, "दुसऱ्या खाटेवरच्या आजोबांना द्या," आणि मफलर गुंडाळून जिना उतरली.